यौवनागमास विलंब कां होतो?

वार्षिक अंकांत प्रत्येक वर्गाचें छायाचित्र छापण्याची शाळांची जुनी वहिवाट आहे. पालक तें छायाचित्र हातीं घेतात तेव्हां आपलें मूल कोठें आहे हें प्रथम पाहतात. आम्ही शिक्षक मात्र रांगांकडे पाहतों. नववीच्या वर्गाचें छायाचित्र काढावयाचें झालें म्हणजे उंच मुलगे मागें बांकांवर चढतात, मध्यम उंचीचे खुर्च्यांवर बसतात, आणि दोघेतिघे पुढें जमिनीवर मांडी घालून बसविले जातात. मागच्या रांगेंतील कित्येकांस मिसरूड फुटलेलें असतें. पुढच्या दोघातिघांचे चेहरे पांचवींतल्या मुलांसारखे कोंवळे असतात. वयें पाहूं जातां सारे एकाच सालचे! छायाचित्रकार उंची पाहून रांगा लावतो, त्यांत त्याचा दोष नाहीं. परंतु पुढच्या रांगेंतील मुलांच्या मनांत त्या क्षणीं काय चाललेलें असतें, तें पुष्कळदां छायाचित्रांतही उमटतें.

हा विषय शाळेच्या अंकांत शोभतो काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या गोष्टीची थट्टा शाळेच्या मैदानावर उघडपणें चालते, तिचें ज्ञान शाळेच्या अंकांत लपविण्याचें कांहीं कारण नाहीं. शरीराची वाढ ही भूगोलांतील ऋतूंइतकीच अभ्यासाची गोष्ट आहे. म्हणून मुलांनीं हा लेख आईबापांजवळ बसून वाचावा, व आईबापांनीं तो मुलांपासून दडवूं नये, एवढीच आरंभीं विनंति आहे.

या लेखास एक प्रसंगही कारण झाला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एकाच बांकावर बसणारे दोन मुलगे होते. दोघांनाही चौदा वर्षें पूर्ण झालेलीं. दोघेही वर्गांत सर्वांत ठेंगणे. दोघांचाही आवाज बारीक. संमेलनाच्या नाटकांत स्त्रीपात्र कोणी करावें, असा प्रश्न निघाला म्हणजे सारा वर्ग त्यांचींच नांवें घेई, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसून तीं लिहून घेत असूं. त्यांतील एक गांवांतल्या कारकुनाचा मुलगा. दुसरा खेड्यांतून येऊन वसतिगृहांत राहिलेला, शेतकऱ्याचा. दोघांच्याही वडिलांनीं त्या वर्षीं आम्हांस तोच प्रश्न विचारला: “मास्तर, याची वाढ कां हो खुंटली?” आम्हीं दोघांसही एकच उत्तर दिलें: “घाई करूं नका. कांहीं मुलें उशिरां वाढतात.” एका घरीं तें उत्तर खरें ठरलें. दुसऱ्या घरीं तें चुकीचें ठरलें, आणि त्या चुकीपायीं त्या मुलाचीं दोन वर्षें वायां गेलीं. दिसण्यांत सारख्या असणाऱ्या या दोन मुलांमध्यें भेद काय होता, हें आम्ही मागाहून शिकलों. तेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम यौवनागम म्हणजे काय, हें पाहूं. लोकभाषेंत आपण त्यास ‘वयांत येणें’ म्हणतों. मुलीस ‘पदर आला’, मुलग्याचा ‘आवाज फुटला’ असेंही म्हणतों. परंतु डोळ्यांस व कानांस जाणवणारे हे बदल मागाहूनचे होत. त्यांची तयारी शरीराच्या आंत फार आधीं सुरू झालेली असते. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा बदामाएवढा एक भाग आहे. तेथील थोड्याशा पेशी एक रासायनिक द्रव्य ठराविक अंतरानें, थोडें थोडें करून सोडतात. तें द्रव्य खालीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीस जागें करतें. पियूषिका दोन संप्रेरकें रक्तांत पाठविते. आणि तीं संप्रेरकें मुलीच्या अंडाशयांस व मुलग्याच्या वृषणांस कामास लावतात. त्या ग्रंथींचे स्राव रक्तांतून सर्व शरीरभर फिरले म्हणजे उंची झपाट्यानें वाढते, शरीराची ठेवण बदलते, आवाज घोगरा होतो, मुलीस ऋतु प्राप्त होतो. मेंदूंतील त्या पहिल्या द्रव्याचा शोध लावण्यासाठीं अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन या दोन संशोधकांनीं एकमेकांशीं चढाओढ करीत लक्षावधि डुकरांच्या व मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे वर्षानुवर्षें तपासले. १९७१ सालीं त्या द्रव्याची रचना उलगडली, आणि १९७७ सालीं दोघांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

नवल असें कीं, ही यंत्रणा जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच एकदां चालू होते, आणि पुढें कित्येक वर्षें मेंदूच तिला आवरून धरतो. मग योग्य काळीं तो आवर सुटतो. प्रथम रात्रीं झोंपेंत, आणि पुढें दिवसाही तें द्रव्य ठराविक अंतरानें स्रवूं लागतें. म्हणजे यौवनागम हा कांहीं नव्या वस्तूचा जन्म नव्हे. निजलेल्या यंत्रणेचें तें जागें होणें होय. यावरून ध्यानांत येईल कीं, विलंबाचीं कारणें शोधतांना डॉक्टरांपुढें मुळांत दोनच प्रश्न असतात. मेंदूकडून हांक अद्याप निघालेलीच नाहीं काय? किंवा हांक निघाली आहे, परंतु खालच्या ग्रंथींस तिला उत्तर देतां येत नाहीं काय?

आतां विलंब केव्हां म्हणावा? मुलींत यौवनागमाचा आरंभ साधारणतः ८ ते १३ या वर्षांत होतो, व मुलग्यांत ९ ते १४ या वर्षांत. मुलींत स्तनांची वाढ हें बहुधा पहिलें चिन्ह असतें. मुलग्यांत पहिलें चिन्ह मिसरूड नव्हे व आवाजही नव्हे. वृषणांचा आकार वाढणें हें पहिलें चिन्ह होय, आणि तें इतरांस दिसण्याजोगें नसतें. म्हणून कित्येक मुलग्यांच्या शरीरांत आरंभ झालेला असतांही घरचीं माणसें उगाच काळजी करीत बसतात. १३ वर्षें पूर्ण होऊनही मुलींत, व १४ वर्षें पूर्ण होऊनही मुलग्यांत कांहींच आरंभ नसेल, तर त्यास विलंब म्हणावें. तसेंच मुलीस १५ वर्षें पूर्ण होऊनही न्हाण आलें नसेल, किंवा बदलांस आरंभ होऊन ते मध्येंच थांबले असतील, तरीही डॉक्टरांस दाखविणें अगत्याचें आहे. ही मर्यादा अशी आंखलेली आहे कीं, शंभर मुलांपैकीं दोन-तीनच तिच्या पलीकडे राहावीं. पलीकडे राहिलेलें प्रत्येक मूल आजारी असतें असें नाहीं; परंतु प्रत्येकाची चौकशी व्हावयास पाहिजे.

विलंबाचें सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी आहे. एकाच बागेंतील एका आंब्यास पौषांत मोहोर येतो, दुसऱ्यास माघांत. दोन्ही झाडें निरोगीच असतात. त्याप्रमाणें कांहीं मुलांच्या शरीरांतील काळगणनाच जरा मंद चालते. मुलग्यांच्या विलंबांपैकीं निम्म्याहून अधिक या जातीचे असतात. मुलींत हें प्रमाण पुष्कळ कमी आहे. ही गोष्ट बहुधा घराण्यांतूनच येते. बापास सतराव्या वर्षीं मिसरूड फुटलेलें असतें, किंवा आईस वा मावशीस न्हाण उशिरां आलेलें असतें; पण तीं माणसें आपल्या वेळची गोष्ट विसरून मुलाची काळजी करीत बसतात! अशा मुलाची उंची कमी दिसली तरी ती दरवर्षीं सुमारे ५ सेंटिमीटर या गतीनें वाढत असते, भूक व उत्साह चांगला असतो, आणि त्याच्या हाताच्या हाडांचा क्ष-किरणांनीं फोटो काढला तर हाडांचें वय जन्मतारखेच्या वयाहून दोन-तीन वर्षें मागें आढळतें. हाडें मागें आहेत याचा अर्थ वाढीस अद्याप अवकाश आहे. अशीं मुलें उशिरां वाढूं लागतात, उशिरांपर्यंत वाढत राहतात, आणि बहुतेक आपल्या आईबापांच्या उंचीस शोभेल इतकीं उंच होतात.

दुसऱ्या प्रकारांत मेंदू बिघडलेला नसतो. शरीराची शिल्लक पुरेशी नाहीं हें ओळखून तो थांबलेला असतो. यौवनागम ही शरीराच्या दृष्टीनें खर्चाची बाब आहे. घरांत धान्य नसतां शहाणा गृहस्थ जसा लग्नकार्य पुढें ढकलतो, तसा मेंदूही यौवनागम पुढें ढकलतो. शरीरांतील चरबीच्या पेशी लेप्टिन नांवाचें एक संप्रेरक स्रवतात, व सांठा किती आहे याची वर्दी मेंदूस पोंचवितात. हा शोध १९९४ सालचा आहे. पण त्यामागील सत्य फार जुनें आहे. जर्मनींतील लाइपझिग शहरीं योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार १७२३ पासून १७५० पर्यंत शाळेंतील गायक मुलांस शिकवीत होता. त्या गायनसंघांतील कोणता मुलगा केव्हां उंच पट्टीचा आवाज सोडून खालच्या पट्टींत गाऊं लागला, याच्या नोंदींवरून एका अभ्यासकानें १९७० सालीं हिशोब मांडला. १७२७ ते १७४९ या काळांत त्या मुलांचा आवाज सरासरीनें सोळाव्या वर्षानंतर फुटत असे, आणि युद्धाच्या वर्षांत तो आणखी उशिरां फुटे, असें त्यास आढळलें. आज युरोपांतील मुलांत हा फरक बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षीं दिसतो. मुलांच्या पोटांतल्या अन्नाचा इतिहास असा त्यांच्या गळ्यांत लिहिलेला सांपडतो.

अन्न पोटभर मिळूनही त्यांतील एखादें द्रव्य कमी पडलें तर काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत जन्मलेल्या एका डॉक्टरानें जगापुढें मांडलें. बिहारांत जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ सालीं इराणांतील शिराझ शहरीं काम करीत होते. तेथें त्यांजकडे २१ वर्षांचा एक रोगी आला. तो दिसण्यांत दहा वर्षांच्या मुलासारखा होता. उंची खुंटलेली, यौवनाचें एकही चिन्ह नाहीं, रक्त अगदीं कमी, कातडी खरखरीत. चौकशी करितां कळलें कीं तो बहुतेक भाकरीवरच राहतो, आणि त्याशिवाय माती खातो. असे आणखी दहा रोगी थोड्याच काळांत आढळले. केवळ लोहाच्या कमतरतेनें यौवन अडत नाहीं, तेव्हां आणखी कांहीं उणें असावें, असा तर्क त्यांनीं केला आणि १९६१ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें इजिप्तमध्यें तशाच तरुणांची तपासणी करून त्यांच्या शरीरांत जस्ताची उणीव असल्याचें १९६३ सालीं त्यांनीं दाखविलें. धान्याच्या कोंड्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य, आणि ती माती, हीं दोन्ही पोटांत जस्तास बांधून ठेवतात. त्यामुळें खाल्लेलें जस्त अंगीं लागत नाहीं. जस्त दिल्यावर त्या तरुणांची उंची वर्षांत सुमारे ५ इंचांनीं वाढली, व कांहीं महिन्यांतच यौवनाचीं चिन्हें दिसूं लागलीं. डाळी, तीळ, दाणे, दूध, अंडीं, मांस यांत जस्त असतें. मात्र ही कथा वाचून कोणीं दुकानांतून जस्ताच्या गोळ्या आणूं नयेत. जस्त फाजील झालें तर शरीरांतील तांबें कमी पडतें. कथेचें तात्पर्य गोळी हें नसून शोध हें आहे.

दीर्घकाळ चालणारे रोगही याच मार्गानें यौवनागम अडवितात. विदर्भांत व आदिवासी भागांत आढळणारा सिकल सेल हा रक्ताचा रोग, वरचेवर रक्त द्यावें लागणारा थॅलॅसेमिया, ज्यांत सांठलेलें लोह पियूषिका ग्रंथीसच इजा करतें, क्षय, मूत्रपिंडाचे व आंतड्यांचे जुनाट विकार, आणि गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, ज्यांत मूल सुस्त होतें, त्यास थंडी सोसत नाहीं, बद्धकोष्ठ होतो व उंची जवळजवळ थांबते. कांहीं आजारांत स्टेरॉइडचीं औषधें फार दिवस द्यावीं लागतात; त्यांचाही वाढीवर परिणाम होतो, परंतु तीं आपल्या मनानें बंद करणें जिवावर बेतूं शकतें. सडपातळ दिसण्याच्या हव्यासानें अन्न तोडणाऱ्या मुली, आणि खाणें अपुरें असतां तासन्‌तास धांवण्याचा किंवा जिम्नॅस्टिकचा सराव करणाऱ्या मुली यांच्याही बाबतींत शरीर हाच हिशोब करतें. या साऱ्या प्रकारांत आशेची गोष्ट अशी कीं, मूळ कारण दूर झालें म्हणजे बहुधा यौवनागम आपोआप मार्गास लागतो.

तिसरा प्रकार विरळा, पण ओळखण्याजोगा आहे. त्यांत मेंदूंतील ती हांक मारणारी यंत्रणाच जन्मतः अपुरी असते. गर्भावस्थेंत या पेशी नाकाजवळ उत्पन्न होतात आणि वासाच्या मज्जातंतूंची वाट धरून मेंदूंत जातात. हा प्रवास मध्येंच अडला तर दोन गोष्टी एकदम बिघडतात: यौवनागम होत नाहीं, आणि वासही येत नाहीं. फ्रांझ कालमन यांनीं १९४४ सालीं या विकाराचें वर्णन केलें. घरांत हिंगाची फोडणी पडली किंवा दूध करपलें तरी ज्या मुलास कांहींच कळत नाहीं, त्याची ती खोड नसून तो एक महत्त्वाचा पुरावा असूं शकतो. डॉक्टरांस तो अवश्य सांगावा. त्याचप्रमाणें पियूषिकेजवळ एखादी गांठ वाढली तरी हांक बंद पडते. वारंवार डोकें दुखणें, ओकारी, बाजूचें न दिसणें, अतिशय तहान लागून सारखें लघवीस जावें लागणें, हीं त्या गांठीचीं चिन्हें होत. त्यांत एक दिवसही दवडूं नये.

चौथ्या प्रकारांत हांक मोठ्यानें येत असते, पण अंडाशय किंवा वृषण यांसच उत्तर देतां येत नाहीं. हेन्री टर्नर यांनीं १९३८ सालीं वर्णिलेल्या विकारांत मुलीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रांपैकीं एक नसतें किंवा अपुरें असतें. सुमारे दोन-अडीच हजार मुलींत एकीस हा विकार असतो. अशा मुलीची उंची बरीच कमी राहते, आणि यौवनागम बहुधा आपोआप होत नाहीं. कांहींच्या हृदयांत व मूत्रपिंडांतही दोष असतात, म्हणून तो वेळींच ओळखणें फार महत्त्वाचें. मुलग्यांत १९४२ सालीं वर्णिलेल्या क्लाइनफेल्टरच्या विकारांत एक एक्स गुणसूत्र अधिक असतें. त्यांत यौवनागमास बहुधा आरंभ होतो, पण तो पुरा होत नाहीं. लहानपणीं कर्करोगासाठीं घेतलेल्या औषधांनीं वा किरणोपचारानेंही या ग्रंथींस इजा झालेली असूं शकते. यांपैकीं कोणतीही गोष्ट मुलाच्या वर्तनानें किंवा आईच्या चुकीनें होत नाहीं, हें आम्हांस मुद्दाम सांगावयाचें आहे. कारण आपल्याकडे मुलीच्या बाबतींत दोष प्रथम आईच्या माथीं येतो, आणि तो येऊं नये म्हणून गोष्टच लपविली जाते. मुलगी अठरा वर्षांची होऊन लग्नाची बोलणीं सुरू होतात तेव्हां ती उघडकीस येते, आणि मधलीं पांच मोलाचीं वर्षें वायां गेलेलीं असतात. तेराव्या वर्षीं दाखविली असती तर उंचीसाठींही उपाय करतां आला असता.

डॉक्टर काय करतात, याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. ते प्रथम उंची व वजन मोजतात आणि मागील वर्षांच्या नोंदी विचारतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ सालीं आपल्या देशांतील ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीं वाढीचे सुधारलेले आलेख प्रसिद्ध केले; त्यांवर त्या नोंदींचे बिंदू मांडले म्हणजे वाढीची रेषा एकसारखी चढत आहे कीं वांकली आहे, हें चटकन्‌ दिसतें. मुलग्यांत वृषणांचा आकार ताडून पाहण्यासाठीं अंड्राकृति मण्यांची एक माळ असते. ती स्विस डॉक्टर आंद्रेआ प्राडर यांनीं १९६६ सालीं वर्णिली. डाव्या हाताच्या व मनगटाच्या हाडांचा फोटो काढून तो १९५० सालापासून वापरांत असलेल्या चित्रसंग्रहाशीं ताडतात. मग रक्त तपासतात. त्यांत पियूषिकेचीं संप्रेरकें कमी आढळलीं तर हांक नाहीं असें समजतें, फार वाढलेलीं आढळलीं तर उत्तर नाहीं असें समजतें. जरूर वाटल्यास गुणसूत्रें तपासतात किंवा मेंदूचें चित्र घेतात. केवळ मंद काळगणना असेल तर धीर देऊन दर सहा महिन्यांनीं मोजमाप करतात. मुलाच्या मनास फारच लागत असेल तर तज्ज्ञ थोड्या महिन्यांपुरतें, अल्प प्रमाणांत संप्रेरकही देतात. ग्रंथि कायमच्या दुर्बल असल्या तर तींच संप्रेरकें पुढें दीर्घकाळ द्यावीं लागतात, व त्यांच्या बळावर यौवन पुरें होतें.

येथें एक इशारा द्यावयास पाहिजे. ‘उंची वाढवा’, ‘शरीर कमवा’ असें सांगणाऱ्या चूर्णांच्या, गोळ्यांच्या व इंजेक्शनांच्या जाहिराती मुलांस सहज सांपडतात. त्यांतील कांहींत पुरुषसंप्रेरकें वा स्टेरॉइड मिसळलेलीं असूं शकतात. तीं भलत्या प्रमाणांत घेतलीं तर हाडांचीं टोकें वेळेआधींच जुळून उंची कायमची थांबते, आणि शरीराच्या स्वतःच्या ग्रंथि आळसावतात. म्हणजे उंचीसाठीं पैसे मोजून ठेंगणेपण विकत घ्यावयाचें!

आतां त्या दोन मुलांकडे वळूं. कारकुनाच्या मुलास त्याच्या मामानें डॉक्टरांकडे नेलें. हाडांचें वय तीन वर्षें मागें निघालें, बाकी सर्व ठीक. घरीं जुनी पेटी उघडली तेव्हां त्याच्या वडिलांचा मॅट्रिकच्या वर्गांतला फोटो सांपडला. तेही पुढच्या रांगेंत जमिनीवर बसलेले होते! तो मुलगा सोळाव्या वर्षीं वाढूं लागला, आणि शाळा सोडल्यावर भेटावयास आला तेव्हां आम्हांसच मान वर करून त्याच्याशीं बोलावें लागलें.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी होती. तो नुसता ठेंगणा नव्हता. त्याचें पोट वरचेवर बिघडे, चेहरा फिका असे, आणि वर्षभरांत त्याची उंची दोन बोटेंही वाढलेली नव्हती. उन्हाळ्याच्या सुटींतून परत आला म्हणजे तो जरा बरा दिसे. आईच्या हातचें खाऊन आला, असें आम्ही म्हणत असूं. तें म्हणणें खरें होतें, पण त्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं. सोळाव्या वर्षीं चक्कर येऊन तो मैदानावर पडला, तेव्हां कोठें त्यास मोठ्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. रक्त तपासून व दुर्बिणीनें आंतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहिल्यावर समजलें कीं, त्यास गहूं सोसत नाहीं. सीलिॲक नांवाचा तो विकार. त्यांत गव्हांतील ग्लुटेनमुळें आंतड्याचें अस्तर झिजतें आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. वसतिगृहांत दोन्ही वेळां पोळी मिळे; घरीं ज्वारीची भाकरी होती. औषध असें कांहीं फारसें द्यावें लागलें नाहीं. पोळी, पाव, बिस्किटें, रवा सारें बंद झालें. ज्वारी, बाजरी, नाचणी व भात हेंच त्याचें औषध झालें. वर्षाच्या आंत त्याची उंची वाढूं लागली, त्याच्या पाठोपाठ आवाजही फुटला. पण दहावीचीं दोन्ही वर्षें त्यानें अशक्तपणांत काढलीं, एकदां नापासही झाला, आणि त्यास आम्हीं ‘आळशी’ असा शेरा दिलेला प्रगतिपत्रकावर आजही असेल.

म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच. मुलाची उंची दर वाढदिवशीं दाराच्या चौकटीवर खूण करून मोजावी, व ती तारखेसह लिहून ठेवावी. डॉक्टरांस त्या चार आंकड्यांचा उपयोग चाळीस शब्दांहून अधिक होतो. आपण स्वतः केव्हां वयांत आलों, हें आठवून मुलास मोकळेपणें सांगावें. मुलगी तेरा व मुलगा चौदा वर्षें पूर्ण करूनही आरंभ नसेल तर घाबरूं नये, पण थांबूंही नये. एकदां बालरोगतज्ज्ञांस दाखवावें. ‘थांबा’ हें उत्तर तपासणीनंतर मिळालें तर तो सल्ला असतो. तपासणीआधीं मिळालें तर तो केवळ अंदाज असतो. आम्हीं दिला तो अंदाज होता.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गांत कोणी पुढच्या रांगेंत बसत असेल, कोणाचा आवाज अद्याप बारीक असेल, तर त्याच्या शरीरांत काय चाललें आहे हें तुम्हांस ठाऊक नाहीं व त्यासही ठाऊक नाहीं. त्याला हांक मारावयाची ती त्याच्या नांवानें मारावी. ज्याच्यावर ही पाळी आली आहे, त्यानें ती लाजेची गोष्ट समजूं नये. घरीं सांगावें, घरीं धीर होत नसेल तर एखाद्या शिक्षकास सांगावें. या खेपेस उत्तर देण्याआधीं आम्ही तुमची उंची मोजूं, पोटाची व भुकेची चौकशी करूं, आणि डॉक्टरांच्या दारापर्यंत तुमच्याबरोबर येऊं.